शंभरातले पंच्याऐंशी

गुरुवारच्या तासाला माझ्या वर्गानं निसर्गाला हरवलं. चाळीस डाव, त्यातले एकोणचाळीस बरोबर. अंकुरनं फळ्यावर आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कुस्ती मारल्यासारखा माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही तं म्हणे पंच्याऐंशीच्या वर कोणीच जात नाही." पोरं बाकं वाजवायला लागली. एरवी मी त्यांना वाजवू दिली असती. यवतमाळच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या तासाला बाकं वाजण्याचा प्रसंग वर्षातून एखादाच येतो, आणि २००६च्या त्या फेब्रुवारीत वर्गात निम्मीच पोरं उरली होती. कापसाचा हंगाम गेला तसा गावाकडचा एकेक जण हजेरीपटावर नुसता रोल नंबर होऊन राहिला होता. पण मी वाजवू दिली नाहीत. मी फळ्यावरचा आकडा पाहत राहिलो.

खेळ माझाच. वीस वर्षं घासून घासून सोपा केलेला. दोघांनी दोन खोल्यांत बसायचं. प्रत्येकाला एक चिठ्ठी जाते, तिच्यावर 'पहिला' किंवा 'दुसरा' एवढंच लिहिलेलं. कोणती चिठ्ठी कोणाला, ते नाणं उडवून ठरतं. चिठ्ठी बघून 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. दोघांचं उत्तर सारखं आलं की डाव जिंकला. फक्त दोघांनाही 'दुसरा' आला तर उत्तरं उलट यायला हवीत. आधी बसून काय वाटेल ते ठरवा, पण एकदा खोल्यांत गेलात की एकमेकांशी बोलणं बंद. कागद-पेन्सिल घेऊन बसलं की पाच मिनिटांत कळतं, कितीही डोकं लढवा, चारांतला एक डाव हातचा जाणारच. शंभरातले पंच्याहत्तर. ही माणसांची मर्यादा. आता दोघांच्या हातात एकेक कण द्या, एकाच पोटातून निघालेले दोन कण, एकमेकांत गुंतलेले. त्यांना विचारून उत्तर दिलं की दोघं न बोलता जास्त जुळतात. शंभरातले पंच्याऐंशी, आणि वर थोडी चिल्लर. तिथून पुढे मात्र नाही. शंभरापर्यंत जायला त्यांना कोणी अडवलेलं नाही. तसं झालं तर कुठला कायदा मोडत नाही, कुठला निरोप प्रकाशाच्या पुढे पळत नाही. तरी निसर्ग पंच्याऐंशीला थांबतो. रशियातल्या एका गणितज्ञानं त्याची सिद्धता दिली तेव्हा मी बी.एस्सी.ला होतो. का थांबतो, ते अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. मला तर नाहीच.

मग माझ्या वर्गात चाळिसांतले एकोणचाळीस कसे आले? सोपं आहे. मधे कोणीतरी आहे. अंकुर वर्गात बसला होता, खुशी पलीकडे प्रयोगशाळेत, आणि चिठ्ठ्यांची ने-आण करत होता आमचा प्रयोगशाळेचा शिपाई भावसिंग. आधी अंकुरकडे, मग खुशीकडे. मी खुशीला बोलावून विचारलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सर, मले खेळच समजला नव्हता. मी तं काहीच बोलली नाही. एक बी डाव नाही." वर्ग हसला. भावसिंगही हसला. माणूस सरळ, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. म्हणाला, "पोरगी गपच होती सर. मी चिठ्ठी घेऊन उभा, ते खाली पाहे. मंग म्या जे जुळते ते लिहून देल्लं. गप बसली म्हंजे तिची ना नव्हती, नाही का? एका डावात मीच चुकलो."

बिचाऱ्याला वाटलं, मी रागावेन. मी फळा पुसला, हजेरी घेतली नाही आणि घंटा व्हायच्या आधी वर्ग सोडला. जिन्यावर उभा राहिलो तर हात खडूनं पांढरा झालेला. शिपायानं एका पोरीच्या नावावर उत्तरं लिहिली, एवढीच गोष्ट. तिच्यापायी मी घंटेआधी वर्ग सोडावा, याचं कारण मी आणि आणखी एक जण सोडून जगात कोणालाही माहीत नव्हतं. निदान त्या गुरुवारी मी तसंच धरून चाललो होतो.

मंगळवारी वणीहून फोन आला होता. माझ्या धाकट्या बहिणीची, नसरीनची मुलगी शबाना. एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. रविवारी तिचा निकाह. मुलगा पांढरकवड्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. या वर्षी जिनिंग दिवाळीनंतर महिनाभर चाललं आणि बंद पडलं. मग मुलाचं दुबईचं जमलं, आणि उन्हाळ्यातली तारीख ओढून फेब्रुवारीत आणली. हे सगळं मला आधीच कळलेलं होतं. नवीन एवढंच होतं, की शबाना म्हणाली, "मामू, वकील तुम्हीच व्हा. दुसरं कोणी नको." मी विचारलं, "तू खूश आहेस ना बेटा?" लाइनवर कोळशाचे ट्रक गेल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्ही या तं. तुम्ही विचारलं तं मी बोलीन." आणि फोन ठेवला.

वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. आमच्यात निकाहाला मुलगी मांडवात बसत नाही. ती आत बायकांत, मुलगा बाहेर पुरुषांत. दोन खोल्या. मुलीच्या घरचा एक माणूस, मामा, चाचा नाहीतर भाऊ, दोन गवाह घेऊन आत जातो, तिला विचारतो, अमक्याच्या मुलाशी अमक्या मेहेरवर, म्हणजे नवऱ्यानं द्यायच्या रकमेवर, तुझा निकाह कबूल आहे का, आणि तिचं उत्तर घेऊन बाहेर काझीसाहेबांकडे येतो. तो वकील. ती बोलली तर उत्तमच. लाजेनं नाही बोलली, नुसती मान हलवली, रडली, तरी कबूल समजायची जुनी रीत आहे. रीतीत वाईट काही नाही. लाजणाऱ्या मुलीवर दया म्हणूनच ती कोणी सुरू केली असेल. मी आयुष्यात शंभर तरी निकाह पाहिले असतील. आत मुलीचं आणि बाहेर मुलाचं उत्तर जुळलं नाही, असं एकदाही झालेलं पाहिलं नाही. शंभरातले शंभर. हा आकडा मी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून पाहिला नव्हता, तो भावसिंगच्या गुरुवारच्या एकोणचाळीसांनी दाखवला.

शाळेत असताना नसरीन गणितात माझ्या पुढे होती. हे मी सहज लिहिलं, पण लिहायला मला वीस वर्षं लागली. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, म्हणजे तुलना व्हायला नको होती. पण अब्बांनी माझी जुनी गुणपत्रिका आणि तिची नवी शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती, आणि मग दोन्ही घडी करून पेटीत टाकल्या. अब्बा यवतमाळजवळच लोहारा गावाकडे एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या हाताला ग्रीसचा वास कायम असायचा, जुम्म्याच्या नमाजालाही. त्यांना वाटायचं, पोरानं शिकावं आणि पोरीनं सुखात राहावं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, अशी त्यांची पक्की समजूत. १९८६ साली मी नुकताच कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि नसरीन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. माझ्या एम.एस्सी.च्या वह्या ती वाचायची. जे मला तीन वेळा वाचून कळे, ते तिला स्वयंपाकघरात पाटावर बसून एकदा वाचून कळे, आणि ती मला समजावून सांगे, तेही मला वाईट वाटू नये अशा बेतानं. वणीचं स्थळ आलं. मुलगा रहेमान, ट्रकचं गॅरेज, निर्व्यसनी. नाही म्हणायला कोणाकडे काही कारण नव्हतं, तिच्याशिवाय.

निकाहाच्या आदल्या दुपारी ती गच्चीवर बसली होती. दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी, हात हवेत धरलेले. डोळ्यांत गेलेली केसांची बट तिला बाजूला करता येईना, ती मी केली. आमची अम्मी घाटंजीकडची, त्यामुळे घरात बोली वऱ्हाडी आणि तिला उर्दूची फोडणी. नसरीन म्हणाली, "भाई, उद्या वकील तू आहे. सगळ्यायच्या समोर माहा आवाज निघत नाही, तुले मालूम आहे. मी तोंडानं काही बोलणार नाही. पण मान हालली तं समज, मी तयार झाली. आणि नाही हालली, तं बाहीर जाऊन तेवढंच सांग, पोरगी काही बोलली नाही आणि मान बी हालली नाही. तेवढंच. पुढचं माहं मी पाह्यन." मी म्हणालो, "ठीक आहे." ती म्हणाली, "कसम?" मी म्हणालो, "कसम." खाली कोणीतरी बिर्याणीचा देग ओढत नेत होतं, त्याचा फरशीवर आवाज येत होता. ती हसली. तिला वाटलं, झालं काम. तिचं गणित नेहमी बरोबर असायचं, म्हणून तिला वाटलं हेही बरोबरच असणार.

दुसऱ्या दिवशी मी आत गेलो. बायकांची दाटी, अत्तर, घाम. मागे अब्बांचे दोन दोस्त गवाह म्हणून, दोघांच्याही नजरा अदबीनं जमिनीवर. मुलीकडे बघायचा हक्क त्या खोलीत मला एकट्याला होता, कारण मी भाऊ होतो. ती लाल ओढणीच्या आत होती, तोंड दिसत नव्हतं. मी विचारलं. ती हलली नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं. ती हलली नाही. बाहेर मांडवात कोणीतरी खोकलं. तिच्या मागे अनवरी खाला बसली होती, अम्मीची मोठी बहीण, जिनं आम्हा दोघांना अंगाखांद्यावर खेळवलं. मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि मला दिसलं की ओढणी मानेपाशी मागून फुगली. आत मांजराचं पिलू शिरावं तशी. खालाचा हात होता. मान खाली गेली, मग थोडी वर आली, मग पुन्हा खाली गेली आणि खालीच राहिली. आपणहून हललेली मान अशी अडखळत जात नाही. बायका म्हणाल्या, हो बोलली, हो बोलली. अम्मीनं डोळे पुसले.

मी बाहेर आलो. दारापासून काझीसाहेबांपर्यंत दहा पावलं असतील. दोनशे माणसं, वणीहून आलेले दोन ट्रक, अब्बांची नवी टोपी. त्या दहा पावलांत मी घाबरलो होतो हे खरं, पण तेवढंच नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो. त्या दहा पावलांत मला थोडं बरं वाटलं. ही आता जाईल आणि घरात हुशार मीच उरेन, असं कुठेतरी आत, फार खाली, जिथे माणूस दिवा घेऊन जात नाही तिथे, मला बरं वाटलं. मी काझीसाहेबांना म्हणालो, "कबूल आहे." कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय.

पुढची अकरा वर्षं मी नागपूरला खेपा घालत एकच प्रश्न सोडवत बसलो. पंच्याऐंशीला निसर्ग का थांबतो? सोबतच्यांना वाटे, याला पीएच.डी.चा ध्यास आहे. मला दुसरीच आशा होती. दोन जीव वेगळे झाले की एकाचं मन दुसऱ्याला पुरतं कळणं शक्यच नसतं, अशी काही मुळातली अट असेल, जगाच्या बांधणीतच ती असेल, तर मग पंधरा टक्के चूक कोणाचीच नसते. तिला माझ्या नावाची गरज नसते. मी पानंच्या पानं भरली. पोरकट विचार होता, आणि तो पोरकट आहे हे मला पहिल्या पानापासून माहीत होतं. ते कण दूर असतात. त्यांच्यात भिंत असते, अंतर असतं, निरोप पोचायला वेळच नसतो. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो आणि मला दिसत होतं. माझ्यासाठी शंभरातले शंभर शक्य होते. अकराव्या वर्षी मार्गदर्शक निवृत्त झाले, मी प्रबंधाचे गठ्ठे सुतळीनं बांधून कपाटावर ठेवले, आणि कोणी विचारलं तर म्हणू लागलो, अहो, इथे यवतमाळात कोण वाचणार.

आणि नसरीन गप्प होती. वर्षातून एकदा, ईदेनंतर, मी वणीला जायचो. रहेमान माणूस चांगला आहे, हेच अवघड. वाईट असता तर मला भांडता आलं असतं. तो मला गॅरेज दाखवायचा, थंडा मागवायचा. नसरीन पडदे धूत असायची. वणीत कोळशाची धूळ घरात येते, आज धुतलेला पडदा चार दिवसांत पुन्हा काळा होतो. ती वर्षभर पडदेच धुते असं मला वाटायचं. तिनं कधी त्या दिवसाचा विषय काढला नाही. ती माझ्यासाठी मुद्दाम खीर करायची, वाटीत बदाम जास्त घालायची, आणि मला तो बदामही टोचायचा. मी तिच्या गप्प बसण्याचा एकच अर्थ लावला होता. तिला माहीत आहे, मी पाहिलं. ती मला शिक्षा देतेय, आणि ती सभ्य असल्यामुळे शिक्षा खिरीच्या वाटीतून देतेय. वीस वर्षं मी हे उत्तर तिच्या नावावर लिहीत आलो. तिला एकदाही विचारलं नाही.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं निघालो. शेजारच्या माणसाच्या हातात पेपर होता आणि पहिल्या पानावर जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्यांचा रोजचा आकडा, कालच्यापेक्षा दोननं वाढलेला. तो माणूस आकड्यावरून नजर फिरवून राशिभविष्याकडे गेला. मी त्याला दोष देत नाही. रस्त्याकडेला काढायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, कुठे कुठे बोंडातून लोंबणारा मळका कापूस, जो वेचायची मजुरीही परवडली नसेल. मारेगाव सोडलं आणि कोळशाचे ट्रक सुरू झाले. मी ठरवून निघालो होतो. खोलीत गेलो की सगळ्या बायकांना बाहेर काढायचं. अगदी नसरीनलाही. शबानाच्या आणि माझ्यामध्ये दोन गवाह सोडून कोणी नाही, तिच्या पाठीमागे फक्त भिंत. मग विचारायचं, आणि ती जे बोलेल ते, अक्षर न बदलता, बाहेर नेऊन ठेवायचं. 'नाही' म्हणाली तर 'नाही'. गप्प राहिली तर तसंच सांगायचं. मांडव मोडला तर मोडू दे. एवढं एक नीट झालं तरी पुरे, असं मी खिडकीच्या गजाला सांगत होतो. पण त्याच्या आधी नसरीनशी बोलायला हवं, हेही ठरवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मन म्हणत होतं. पण त्या मुठीत मीच गुदमरलो होतो. आता उघडावी, रडावं, तिनं दोन थोबाडीत माराव्यात, आणि मग स्वच्छ मनानं पोरीसमोर उभं राहावं. माझं मन स्वच्छ व्हावं, याची मला फार घाई होती.

नसरीन मागच्या पडवीत एकटीच सापडली. मांडवातून लाउडस्पीकरची खरखर येत होती. ती मोठ्या परातीत खारका निवडत होती, निकाहानंतर वाटायच्या. मला पाहून तिचा चेहरा उजळला, खोटं कशाला बोलू. "आला का भाई? बैस. चहा सांगू?" मी बसलो नाही. मी म्हणालो, "नसरीन, मला तुला एक सांगायचं आहे. तुझ्या निकाहाच्या दिवशी..."

"आज कायले ते?" ती म्हणाली, पण हसतच.

"तुझी मान हलली नव्हती. खालानं दाबली होती. मला माहीत आहे."

तिचे हात परातीत थांबले. "तुले कोणं सांगतलं? खाला बोलली होती का मरायच्या आधी?"

"कोणी नाही सांगितलं. मी पाहिलं. ओढणीखाली हात गेला, तो मला दिसला. तेव्हाच दिसला. आणि मी बाहेर जाऊन कबूल म्हणून सांगितलं. तू वीस वर्षं एका शब्दानं बोलली नाहीस, पण मला माहीत होतं, तुला ठाऊक आहे. मी रोज..."

मी पुढेही बरंच बोललो असेन. ती ऐकत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत चाललं होतं. राग नव्हता तो. राग मी ओळखला असता, त्याचीच तयारी करून गेलो होतो.

"तुले हात दिसला होता?" तिनं विचारलं.

"हो."

"मले वाटलं, तुले फक्त मान दिसली." ती इतक्या हळू बोलली की लाउडस्पीकरच्या खरखरीत मला पुढे वाकावं लागलं. "मी आतमंधी होती ना. मले काय दिसत होतं? मी म्हटलं, भाईनं मान हालतांनी पाह्यली, त्याले वाटलं मी तयार झाली. आपलं ठरलंच होतं तसं. त्याची काय गलती? खालानं दाबलं, अम्मीनं पाह्यलं, अब्बाले नव्हतं ऐकाचं. सारे सामील होते भाई. मी म्हणे, एक माहा भाई नव्हता. त्याले दिसलं असतं तं त्यानं अर्ध्यातून मांडव मोडला असता. वीस वर्सं मी त्याच्यावर काढले." ती थांबली. "घरात एक तं माणूस माह्या बाजूनं आहे, म्हणून."

मी तिचा हात धरायला गेलो. तिनं तो काढून घेतला नाही, नुसता परातीतच राहू दिला, आणि मी खारकांवर हात ठेवून उभा राहिलो. मग ती म्हणाली, "हे तू मले कायले सांगतलं?" खरंच विचारत होती ती. मी परातीतली एक खारीक उचलून परत ठेवली. उत्तर होतं, माझ्यासाठी.

ती उठली, हात धुतले, पदराला पुसले. दारात जाऊन तिनं रहेमानच्या धाकट्या भावाला, जीशानला हाक मारली. "जीशानभाई, वकील तुम्ही व्हा. माह्या भाईची तबियत ठीक नाही." जीशाननं माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले, बरं म्हणाला. पलीकडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत शबाना बसली होती, आठ-दहा बायकांच्या मधोमध, ओढणी अजून कपाळावरच. तिला ऐकू गेलं असावं. ती दाटीतून वाकून माझ्याकडे पाहत म्हणाली, "मामू?" मी तोंड उघडलं. आता बोललो तर तबियतीचा बहाणा उघडा पडणार होता आणि उभं घर कारण विचारायला माझ्याकडे वळणार होतं. मी तोंड मिटलं. कोणीतरी आतून तिची ओढणी खाली ओढली आणि दार लोटून घेतलं.

मी मांडवात येऊन रहेमानच्या शेजारी बसलो. जीशान दोन गवाह घेऊन आत गेला. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण फार वेळ गेला नसावा. एका गाण्याएवढा. तो बाहेर आला तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे असा पाहत होतो, जसा आयुष्यात कुठल्याही समीकरणाकडे पाहिलं नसेल. त्याच्या कपाळावर घाम होता. तो उकाड्याचाही असेल. त्यानं रुमालानं घाम टिपला. काझीसाहेबांनी विचारलं, मुलगी स्वतः बोलली? जीशान म्हणाला, "हो जी. कबूल आहे." त्याच्या आवाजात काही नव्हतं. माझ्याही आवाजात तेव्हा काही नसणार. शबाना खुशीनं बोलली असेल. नसेलही. तिला तो मुलगा आवडत असेल, दुबई आवडत असेल, किंवा तिच्या मानेमागे कोणाची तरी पाच बोटं असतील. तिनं मला सांगितलं होतं, तुम्ही विचारलं तर मी बोलेन. मी विचारलं नाही.

मुलानं तीन वेळा कबूल म्हटलं. दुआ झाली, मीही हात वर केले. मग खारका वाटायला आल्या. रहेमाननं मूठभर घेऊन माझ्या हातात ठेवल्या आणि आनंदानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्याला काही माहीत नव्हतं. म्हणाला, "वकील तुम्ही नाही झाले, नसरीनले लई वाईट वाटलं असंल. चार दिवसांपासून एकच लावलं होतं तिनं. पोरीले बी तेच सांगे. भाईले येऊ द्या, माहा भाई खोलीत असला की पोरीवर कोणी जबरदस्ती करू शकत नाही." मी खारीक तोंडात टाकली. बी काढायचं विसरलो होतो. दाताखाली ते कडक लागलं, तरी मी चावत राहिलो, कारण रहेमान माझ्याकडे पाहून हसत होता.